काचेचा रंग कुठून येतो? बागेतली काचशिल्पे, बदलता उजेड आणि कॅमेरा

जास्वंद लाल का दिसते, असा प्रश्न आठवीच्या वर्गात विचारला तर उत्तर ठरलेले असते. फुलावर पांढरा प्रकाश पडतो, बाकीचे रंग शोषले जातात, लाल रंग परावर्तित होतो आणि तो आपल्या डोळ्यांत शिरतो. उत्तर बरोबर आहे. आता त्याच वर्गातल्या एखाद्या मुलीच्या हातातली काचेची हिरवी बांगडी घ्या आणि विचारा, ही हिरवी का दिसते? बहुतेक मुले जास्वंदीचेच उत्तर रंग बदलून देतील. या वेळी मात्र ते उत्तर चुकीचे असेल.

ते चुकीचे का, हे समजून घेण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे काचेच्या वस्तूचा उघड्यावर, सूर्याच्या उजेडात फोटो काढणे. आपला डोळा फार समजूतदार आहे. उजेड बदलला, मागची वस्तू बदलली, तरी तो जुळवून घेतो आणि ‘ही तीच हिरवी बांगडी’ असे आपल्याला सांगतो. कॅमेरा एवढी समजूत दाखवत नाही. सकाळी काढलेल्या फोटोत पाचूसारखी दिसणारी वस्तू दुपारच्या फोटोत काळा ठिपका होऊन बसते. असे का झाले याचा शोध घेत गेलो की परावर्तन, अपवर्तन, शोषण, ध्रुवण, सूर्याची उंची असे पाठ्यपुस्तकातले अनेक धडे एकाच वस्तूभोवती गोळा होतात.

काचेच्या बागा

काचेची शिल्पे उघड्या बागेत मांडण्याचे काम गेल्या काही दशकांत ज्यांनी मोठ्या प्रमाणावर केले, त्यांत अमेरिकेचे डेल चिहुली (जन्म १९४१) यांचे नाव आधी घ्यावे लागते. १९६८ साली ते व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर काचफुंकीचे काम पाहायला गेले. १९७१ साली त्यांनी इतरांसोबत वॉशिंग्टन राज्यात पिलचक ही काचकामाची शाळा सुरू केली. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात २००५ आणि २०१९ साली त्यांची शिल्पे झाडाझुडपांत, तळ्यात आणि काचघरांत मांडली गेली. सिअॅटल शहरात ‘स्पेस नीडल’ या मनोऱ्याच्या पायथ्याशी २०१२ साली त्यांच्या कामाची कायमची बाग उघडली. तिथे लाल, केशरी, जांभळ्या काचेचे भाले, कमळे आणि चेंडू खऱ्या झाडांमध्ये उभे आहेत.

क्यूसारखे प्रदर्शन काही महिन्यांनी उठते. त्यानंतर मागे राहतो तो फोटो. लहान कारागिराची अडचण याहून मोठी असते. त्याची वस्तू घेणारा किंवा स्पर्धेसाठी निवडणारा माणूस अनेकदा वस्तू न पाहता फक्त फोटो पाहून निर्णय करतो. फोटोत काच मेलेली दिसली, तर भट्टीपुढे घालवलेले दिवस वाया गेले असे समजा. म्हणून काचेचा फोटो हा नुसता हौसेचा विषय नाही.

आपल्या वर्गासाठी मात्र सिअॅटलला जायचे कारण नाही. फिरोजाबादच्या भट्ट्यांतून आलेली बांगडी हीसुद्धा हाताने घडवलेली काचच आहे. तिच्या जोडीला एखादी रंगीत बाटली, काचेची गोटी आणि पाण्याचा पेला असला की आपली प्रयोगशाळा तयार झाली.

मागून आलेला उजेड

हिरवी बांगडी पांढऱ्या कागदावर ठेवा. ती छान हिरवी दिसते. आता तीच बांगडी काळ्या कापडावर ठेवा. हिरवेपणा जवळजवळ नाहीसा होतो. बांगडी काळपट दिसते आणि तिच्यावर एक-दोन पांढऱ्या चमकत्या रेघा तेवढ्या उरतात. उजेड तोच, बांगडीही तीच. मग हिरवा रंग गेला कुठे?

रंगीत पारदर्शक काचेत प्रकाश शिरतो, जाता जाता त्यातले काही रंग शोषले जातात आणि उरलेला प्रकाश पलीकडे निघून जातो. तो परत आपल्याकडे यायचा तर पलीकडे कोणीतरी त्याला परत पाठवायला हवे. पांढरा कागद ते काम करतो. प्रकाश काचेतून खाली जातो, कागदावर आपटून पुन्हा काचेतून वर येतो, म्हणजे दोनदा गाळला जातो. काळे कापड त्याला गिळून टाकते. जास्वंदीच्या पाकळीत प्रकाश आत शिरून पेशींच्या असंख्य सीमांवर आपटतो आणि बराचसा परत फिरतो. पाकळीचा पांढरा कागद जणू तिच्या आतच आहे. स्वच्छ काचेच्या आत असे काही नाही.

बांगडी खिडकीकडे धरली तर ती सर्वांत तेजस्वी दिसते, कारण आता प्रकाश मागून येऊन एकदाच गाळला जातो आणि सरळ डोळ्यांत शिरतो. काचेच्या फोटोचा पहिला नियम यातूनच निघतो. पारदर्शक काचेचा रंग पाहायचा असेल तर तिच्या समोर काय आहे यापेक्षा तिच्या मागे काय आहे ते आधी पाहावे. बागेत मेंदीच्या गर्द कुंपणापुढे ठेवलेले निळे शिल्प काळे पडते. कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणून त्याच शिल्पाच्या मागे आकाश घेतले की ते पेटल्यासारखे उजळते. खाली बसणे शक्य नसेल तर शिल्पाच्या आकाराहून थोडा लहान पांढरा पुठ्ठा कापून त्याच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा तिरका लपवतात. जुने छायाचित्रकार ही युक्ती सर्रास वापरत.

रंगहीन काचेला तर रंगाचाही आधार नसतो. ती ओळखू येते ती तिच्या कडांमुळे. पाण्याचा पेला उजळ भिंतीपुढे धरा. त्याच्या कडा काळ्या दिसतील. काळ्या पडद्यापुढे धरा आणि बाजूने उजेड येऊ द्या. आता कडा पांढऱ्या दिसतील. कडेजवळ काचेचा पृष्ठभाग आपल्या नजरेला फार तिरका असतो, त्यामुळे तिथून येणारा प्रकाश सरळ मागून न येता अपवर्तनाने वळून बाजूने आलेला असतो. मागे उजळ आणि बाजूला अंधार असेल तर कड काळी. मागे अंधार आणि बाजूला उजेड असेल तर कड पांढरी. फळ्यावर एक आकृती काढून हे मुलांना सहज पटवता येते.

जाडीचे गणित

यंत्रावर ओतलेल्या खिडकीच्या काचेची जाडी सगळीकडे सारखी असते. फुंकून केलेल्या काचेची तशी नसते. भांड्याचा काठ पातळ, बूड जाड, मध्येच एखादा बुडबुडा आणि घडवणाऱ्याच्या हाताने पडलेली एखादी लाट. या फरकामुळेच हातघडणीची काच जिवंत वाटते. त्यामागे साधे गणित आहे.

समजा, एका निळ्या काचेचा १ मिलिमीटर जाडीचा थर विशिष्ट रंगाचा निम्मा प्रकाश पुढे जाऊ देतो. मग २ मिलिमीटरचा थर पाव भाग जाऊ देईल, ३ मिलिमीटरचा आठवा भाग आणि १० मिलिमीटरचा जेमतेम हजारावा भाग. जाडी बेरजेने वाढते, प्रकाश मात्र गुणाकाराने घटतो. म्हणून त्याच फुलदाणीचा काठ आभाळासारखा फिका आणि बूड जवळजवळ काळे दिसते. फोटोत हे दोन्ही एकाच वेळी दाखवायचे म्हणजे कॅमेऱ्याला एकमेकांपासून शेकडो पट दूर असलेल्या तेजस्विता झेलायला लावणे. उत्तर अर्थात मागच्या उजेडातच असते. बूड उजळ भागापुढे आणि काठ थोड्या कमी उजळ भागापुढे येईल असा कोन शोधावा लागतो.

चमक कुठून येते?

काचेवर पडलेला सगळाच प्रकाश आत शिरत नाही. सरळ समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के पहिल्याच पृष्ठभागावरून परततो आणि पलीकडच्या पृष्ठभागावरून आणखी तेवढाच. हा परतलेला प्रकाश काचेत गाळला गेलेला नसतो, निदान पहिल्या पृष्ठभागावरचा तर नाहीच. म्हणून निळ्या, लाल, हिरव्या कोणत्याही काचेवरची चमक पांढरी, म्हणजे उजेडाच्याच रंगाची दिसते.

प्रकाश जसजसा तिरका पडेल तसा परतणारा वाटा वाढतो. पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेशी ६० अंशांचा कोन असेल तर तो सुमारे ९ टक्के होतो आणि ८० अंशांना सुमारे ३९ टक्के. काचेच्या गोळ्याच्या कडेशी आजूबाजूची झाडे आरशासारखी स्पष्ट दिसतात ती यामुळे.

चार टक्के म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण ते कशाचे चार टक्के, हे महत्त्वाचे. सूर्याची तबकडी आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद आहे आणि तिची तेजस्विता, तिच्याच उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदाच्या पन्नास हजार पटींहून अधिक आहे. तिचे चार टक्के घेतले तरी काचेतले सूर्याचे प्रतिबिंब शेजारच्या पांढऱ्या कागदाच्या दोन हजार पटींच्या घरात उजळ ठरते. कोणत्याही कॅमेऱ्यात या बिंदूच्या जागी नुसता पांढरा डाग उमटतो, त्यात तपशील राहत नाही. म्हणून भर उन्हात काढलेल्या काचेच्या फोटोत चमचमणारे ठिपके पुष्कळ आणि रंग कमी असतो.

यावर इलाज म्हणजे ढग. ढग सूर्याचा उजेड झाकतो असे आपण म्हणतो, पण काचेच्या दृष्टीने ढग म्हणजे आकाशाएवढा मोठा दिवा. अर्ध्या अंशाच्या दिव्याऐवजी सगळे आकाश मंद, सारखे उजळते. चमकेचा टोचरा ठिपका जातो आणि त्या जागी काचेचा बाक दाखवणारी मऊ, रुंद पट्टी येते. भर उन्हात जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, दाट ढगाळ दिवशी तो दहा-वीस हजारांवर येतो. सिअॅटल किंवा लंडनसारख्या ढगाळ शहरांतली काचेची बाग फोटोत खुलते याचे एक कारण हेच. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमधली उघडीप, म्हणजे पाऊस थांबलेला पण आभाळ भरलेले, हा काचेसाठी उत्तम काळ समजावा.

ध्रुवणाची गाळणी

चमक कमी करण्याचा आणखी एक उपाय म्हणजे पोलरायझर, म्हणजेच ध्रुवण करणारी गाळणी. काचेवरून सुमारे ५६ अंशांच्या कोनात परावर्तित झालेला प्रकाश जवळजवळ पूर्णपणे एकाच प्रतलात कंप पावत असतो. गाळणी फिरवून त्या प्रतलाच्या आड आणली की ती चमक विझते आणि काचेच्या आतला रंग वर येतो.

सपाट काचेवर हा चमत्कार मोठा दिसतो. गोल शिल्पावर मात्र निराशा होते, आणि ती का होते हे मुलांना शोधायला लावण्याजोगे आहे. गोल पृष्ठभागावर प्रत्येक ठिकाणी परावर्तनाचा कोन वेगळा असतो. ५६ अंशांच्या आसपासचा कोन एका कड्यावरच मिळतो आणि त्या कड्यावरही कंपनाचे प्रतल जागोजागी बदलत जाते. त्यामुळे गाळणी कशीही फिरवली तरी चमकेचा एखादा भागच पुसला जातो. मधोमध, जिथे प्रकाश सरळ परततो, तिथे तिचा काहीच उपयोग होत नाही. तिथे कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या आपलेच प्रतिबिंब असते. ते टाळायला गडद कपडे घालणे आणि दुरून फोटो काढणे एवढेच हाती उरते.

हीच गाळणी काचेचे एक गुपितही उघड करते. गरम काच घाईने थंड झाली तर तिच्यात ताण राहून जातो. म्हणून कारागीर घडवलेली वस्तू खास भट्टीत सावकाश थंड करतात. सूर्यापासून ९० अंश दूर असलेले निळे आकाश बरेचसे ध्रुवित असते. अशा आकाशापुढे ताण राहिलेली काच धरून गाळणीतून पाहिले तर तिच्यात उजळ-काळे किंवा रंगीत पट्टे दिसू शकतात. वर्गात हे दाखवायचे तर लॅपटॉपचा एलसीडी पडदा पांढरा करा, त्याच्यापुढे प्लॅस्टिकची पारदर्शक पट्टी धरा आणि पोलरॉइड चष्म्यातून पाहा. साच्यात ओतताना राहिलेला ताण इंद्रधनुष्यासारखा दिसेल.

दिवसभरात काय काय बदलते?

सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे दर चार मिनिटांना एक अंश. तो डोक्यावर असताना त्याचा प्रकाश वातावरणाचा जेवढा थर ओलांडतो, त्याच्या दुप्पट थर सूर्य ३० अंशांवर असताना ओलांडावा लागतो, १० अंशांवर साडेपाच पटींहून अधिक आणि क्षितिजावर सुमारे ३८ पट. हवेचे रेणू ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाच्या चौपटीहून अधिक विखुरतात. म्हणून लांबचा प्रवास करून आलेला सांजउजेड पिवळा-तांबडा होतो.

छायाचित्रकार उजेडाचा हा रंग केल्विनमध्ये मोजतात. मावळतीचा सूर्य दोन-तीन हजार केल्विन, दुपारचे ऊन सुमारे ५५००, भरलेले आभाळ ६५०० आणि निळ्या आकाशाखालची सावली आठ ते दहा हजार केल्विन. आता निळी काच घ्या. ती निळा प्रकाश पुढे जाऊ देते, पण मावळतीच्या उजेडात निळा मुळातच थोडा असतो. परिणाम असा की मागे मावळता सूर्य असताना लाल आणि केशरी काच पेट घेते, तर कोबाल्टची निळी काच मंदावते. सावलीत किंवा संध्याप्रकाशात ही बाजी उलटते. एकाच बागेतल्या लाल आणि निळ्या शिल्पांना चांगली वेळ एकच नसते.

ही चांगली वेळ किती टिकते, हे गावाच्या अक्षांशावर ठरते. मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनी ६ अंशांवरचा सूर्य क्षितिजाला टेकायला पुण्यात (१८.५ अंश उत्तर) सुमारे २५ मिनिटे लागतात, सिअॅटलमध्ये (४७.६ अंश उत्तर) सुमारे ३६. कारण तिथे सूर्य अधिक तिरका उतरतो. डिसेंबरच्या अखेरीस सिअॅटलला भर दुपारीही सूर्य १९ अंशांवरच असतो, पुण्यात तेव्हा तो ४८ अंशांवर चढतो. म्हणजे परदेशी पुस्तकातला ‘सूर्यास्तापूर्वी एक तास’ हा सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही. आपल्याला आणखी घाई करावी लागते.

सूर्यास्तानंतरही काम संपत नाही. सूर्य मावळताना काही शे लक्स असलेला उजेड, सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंत तीन-चार लक्सवर येतो. आपल्या अक्षांशांवर याला पंचवीसेक मिनिटे लागतात, म्हणजे दर साडेतीन-चार मिनिटांनी उजेड निम्मा होतो. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून दर चार मिनिटांनी शटर दुप्पट वेळ उघडे ठेवले, की पश्चिमेच्या आकाशापुढे काचेचे शांत, चमकविरहित फोटो मिळतात. गुणोत्तर श्रेणीचे यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

कॅमेऱ्याची गैरसमजूत

कॅमेरा आपोआप उजेड मोजतो तेव्हा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे गृहीत धरतो. बागेतल्या काचेच्या बाबतीत हे गृहीत सहसा खोटे ठरते. मागे उजळ आकाश असले की कॅमेरा ‘फार उजेड आहे’ असे समजून सगळेच काळवंडवतो. मागे गर्द झाडी असली की उजेड वाढवतो आणि काचेवरची चमक पांढरीफटक करून टाकतो. म्हणून मोजणी काचेच्या उजळलेल्या भागावरच करावी. बहुतेक मोबाइल फोनमध्ये पडद्यावर काचेच्या जागी बोट टेकवले की मोजणी तिथली होते, आणि बोट थोडा वेळ दाबून धरले की ती तशीच राहते. शंका असेल तर तीन फोटो घ्यावेत. एक मोजणीप्रमाणे, एक निम्म्या उजेडाचा, एक दुप्पट उजेडाचा.

दुसरी गैरसमजूत रंगाची. ‘व्हाइट बॅलन्स’ आपोआप ठरवू दिला तर कॅमेरा उजेडाची रंगछटा पुसू पाहतो. चौकटभर लाल काच असेल तर तो तिलाच तांबडा उजेड समजून फिकी करू शकतो. म्हणून तो ‘दिवसाचा उजेड’ या खुणेवर कायम ठेवावा आणि दर वेळी पहिला फोटो काचेशेजारी पांढरा कागद ठेवून घ्यावा. कागदाचा रंग त्या क्षणीच्या उजेडाची साक्ष देतो.

तिसरी गोष्ट गैरसमजूत नसून मर्यादा आहे. आपल्या दोन डोळ्यांना काचेवरची चमक थोड्या वेगवेगळ्या ठिकाणी दिसते, आणि या फरकामुळे काच झळाळते असे वाटते. कॅमेरा एकाक्ष आहे. त्याला ही झळाळी मिळत नाही. म्हणून फोटोत काचेचा आकार सांगायला कडा, सावली आणि जमिनीवर पडलेला रंगीत कवडसा यांची मदत घ्यावी लागते.

सावधगिरी

काचेचा भरीव गोळा हे एक बहिर्गोल भिंगच आहे. अपवर्तनांक १.५ धरला तर सूर्याचे किरण गोळ्याच्या केंद्रापासून त्रिज्येच्या दीडपट अंतरावर एकत्र येतात. १० सेंटिमीटर व्यासाच्या गोळ्यासाठी हा बिंदू गोळ्याच्या मागच्या पृष्ठभागापासून अवघ्या अडीच सेंटिमीटरवर पडतो. तिथे वाळका पाला असेल तर तो पेटू शकतो. हवामान वेधशाळांमध्ये दिवसभरात किती तास ऊन पडले हे नोंदवण्यासाठी कॅम्पबेल-स्टोक्स यंत्र वर्षानुवर्षे वापरले गेले. त्यात नेमका असाच गोळा असतो आणि सूर्य सरकतो तशी तो खालच्या पट्टीवर जळकी रेघ ओढतो. पाण्याने भरलेली गोल बाटलीही, बिंदू थोडा दूर असला तरी, हेच करते. म्हणून असे गोळे वाळक्या गवतात किंवा खिडकीत पडद्याजवळ उन्हात सोडून जाऊ नयेत.

दुसरी सूचना डोळ्यांची. मागून उजेड घेताना सूर्य स्वतः चौकटीत येईल असा कोन धरू नये. भिंगाच्या कॅमेऱ्यातून सूर्याकडे डोळा लावून पाहणे घातक आहे. सूर्य नेहमी शिल्पाच्या, झाडाच्या किंवा भिंतीच्या आड ठेवावा. मुलांना हे आधी सांगावे, नंतर कॅमेरा हातात द्यावा.

वर्गासाठी एक दिवसाचा प्रकल्प

शाळेच्या अंगणात एका टेबलावर हिरवी बांगडी, निळी किंवा तपकिरी बाटली आणि पाण्याचा पेला ठेवा. शेजारी पांढरा कागद आणि एक मीटर उंचीची उभी काठी असू द्या. जमिनीवर खडूने खूण करून फोन रोज त्याच जागी धरा. सकाळी सात, नऊ, दुपारी बारा, तीन, पाच आणि सूर्यास्ताच्या वेळी प्रत्येकी दोन फोटो काढा, एकदा वस्तूंमागे काळे कापड आणि एकदा पांढरा पुठ्ठा लावून. प्रत्येक वेळी काठीच्या सावलीची लांबी मोजा. सावली १ मीटर असेल तर सूर्य ४५ अंशांवर, १.७३ मीटर असेल तर ३० अंशांवर आणि ५.६७ मीटर असेल तर १० अंशांवर आहे. वही उघडून तक्ता करा: वेळ, सूर्याची उंची, आभाळाची स्थिती, कागदाचा रंग, काचेचा रंग, चमकेचा आकार.

संध्याकाळी बारा फोटो ओळीने मांडा आणि मुलांना विचारा, यातला बांगडीचा खरा रंग कोणता? वाद होऊ द्या. कोणी दुपारचा म्हणेल, कोणी पांढऱ्या पुठ्ठ्यापुढचा म्हणेल. मग त्यांना ब्रिटिश म्युझियममधल्या लायकर्गस पेल्याची गोष्ट सांगा. इसवी सनाच्या चौथ्या शतकातला हा रोमन पेला समोरून उजेड पडला की हिरवा दिसतो आणि आत दिवा ठेवला की लालभडक. त्याच्या काचेत सोन्या-चांदीचे ५० ते १०० नॅनोमीटरचे अतिसूक्ष्म कण आहेत. ते काही रंग परत विखुरतात आणि वेगळेच रंग आरपार जाऊ देतात. या पेल्याचा खरा रंग कोणता, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर नाही. उजेड कोणता, तो कोणत्या बाजूने आला आणि पाहणारा कुठे उभा आहे, हे सांगितल्याखेरीज उत्तर पुरे होत नाही.

बांगडीचेही तसेच आहे, जास्वंदीचेही थोड्याफार प्रमाणात तसेच. ‘वस्तू लाल रंग परावर्तित करते म्हणून लाल दिसते’ हे वाक्य फळ्यावर लिहिताना त्याच्याखाली आणखी एक ओळ लिहावी: पारदर्शक वस्तूचा रंग तिच्यातून आरपार आलेल्या प्रकाशाचा असतो. मुलांचे बारा फोटो त्या ओळीशेजारी चिकटवले की ती पाठ करून घ्यावी लागणार नाही.